दुर्मीळ ल्युकेमियाचं निदान: नमुन्यापासून अंतिम रिपोर्टपर्यंत कुठे काय चुकतं

रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, आहे हे कळायला कधीकधी एक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एक स्मीअर (काचपट्टीवर पातळ पसरलेलं रक्त) पुरतं. तो नेमका कोणता आहे हे कळायला मात्र आठवडे लागू शकतात, आणि उपचार ठरतात ते या दुसऱ्या उत्तरावर. नेहमीच्या प्रकारांत दोन्ही उत्तरं बहुधा लागोपाठ मिळतात. दुर्मीळ प्रकारांत तसं होत नाही. हेअरी सेल ल्युकेमिया सगळ्या ल्युकेमियांत साधारण २ टक्के, आणि टी-सेल प्रोलिम्फोसायटिक किंवा मास्ट सेल ल्युकेमिया तर एखाद्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखाली वर्षानुवर्षं येत नाही.

तरीही निदान चुकण्याचं खापर मशिनवर फोडता येत नाही. नमुना चुकीच्या ट्यूबमध्ये गेलेला असतो, मागणीच्या फॉर्मवर रुग्णाबद्दल एक ओळही नसते, चार तपासण्यांचे चार रिपोर्ट चौघांनी लिहिलेले असतात आणि ते एकत्र ठेवून कुणी वाचलेले नसतात. म्हणून हा लेख त्याच क्रमाने जातो ज्या क्रमाने रक्त आणि कागद पुढे सरकतात. फाइल हातात असलेले घरचे, पहिला संशय घेणारे फॅमिली डॉक्टर आणि नमुना घेणारे-पाठवणारे, अशा तिघांनाही तो उपयोगी पडावा.

पहिली पायरी: सीबीसी टक्क्यांत वाचू नका

रिपोर्टवर लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८० टक्के दिसले की "लिम्फोसाइट वाढलेत" असं पटकन म्हटलं जातं. एकूण पांढऱ्या पेशी २,००० प्रति मायक्रोलिटर असतील तर ८० टक्के म्हणजे १,६०० लिम्फोसाइट. ते वाढलेले नाहीत. त्याच रिपोर्टवर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५ टक्के असतील तर त्यांचा खरा आकडा ३०० होतो, आणि काळजी करायची ती त्याची. टक्केवारीला एकूण आकड्याने गुणून प्रत्येक पेशीचा आकडा कागदावर लिहून काढा. जुने सीबीसी मिळाले तर तारखेनुसार एकाखाली एक मांडा. तीन महिन्यांत दुप्पट झालेले लिम्फोसाइट आणि तीन वर्षं एकाच पातळीवर असलेले लिम्फोसाइट यांचा अर्थ पूर्ण वेगळा असतो.

काही ठेवणी ओळखीच्या होऊन जाव्यात. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी, प्लीहा मोठी आणि मोनोसाइट जवळजवळ गायब, असं असेल तर हेअरी सेल ल्युकेमियाचा विचार करा. इथे एक छुपा सापळा आहे. काही ऑटोमॅटिक मशिन हेअरी पेशींनाच मोनोसाइट म्हणून मोजतात. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचा पुरावा छापील रिपोर्टवरून पुसला जातो आणि मोनोसाइट नॉर्मल किंवा वाढलेलेसुद्धा दिसतात. हाताने मोजणी केल्याशिवाय हे उघड होत नाही.

न्यूट्रोफिल महिनोन्‌महिने कमी, तोंडात वारंवार फोड, सोबत संधिवात: लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसाइट ल्युकेमिया. लिम्फोसाइट झपाट्याने लाखाच्या वर, प्लीहा मोठी, अंगावर पुरळ, छातीत किंवा पोटात पाणी: टी-सेल प्रोलिम्फोसायटिक. इओसिनोफिल १,५०० च्या वर टिकून आहेत, जंत-अ‍ॅलर्जी-औषधं यांपैकी काही सापडत नाही, आणि बी-१२ ची पातळी औषध न घेताही फार वाढलेली आहे: इओसिनोफिल वाढवणारा मायलॉइड आजार. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं आणि लिम्फोसाइटच्या केंद्रकाला फुलासारख्या पाकळ्या: एचटीएलव्ही-१ विषाणूमुळे होणारा प्रौढांचा टी-सेल ल्युकेमिया. हा विषाणू नैर्ऋत्य जपान आणि कॅरिबियन बेटांसारख्या भागांत जास्त आढळतो, म्हणून रुग्ण कुठे जन्मला आणि आईला हा संसर्ग होता का, हे विचारावं लागतं. लहान मुलात मोनोसाइट १,००० च्या वर आणि यकृत-प्लीहा वाढलेली असेल तर ज्युव्हेनाइल मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया. त्या मुलाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का हेही बघा, कारण न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या मुलांत हा आजार जास्त होतो. कातडीवर मार लागल्यासारखे जांभळट, न दुखणारे चट्टे किंवा गाठी आधी आल्या आणि रक्तातले बदल नंतर दिसले, तर ब्लास्टिक प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक सेलचा आजार यादीत हवा.

यांतली कुठलीच ठेवण म्हणजे निदान नाही. मागणीच्या फॉर्मवर कोणता प्रश्न लिहायचा, एवढंच तिच्यावरून ठरतं.

दुसरी पायरी: स्मीअर माणसाने बघायचा, आणि ताजा

ईडीटीए ट्यूबमधलं (रक्त गोठू न देणारं रसायन घातलेल्या ट्यूबमधलं) रक्त जास्त वेळ तसंच राहिलं की पेशी फुगतात, त्यांत पोकळ्या दिसू लागतात, केंद्रकाला खोटे कंगोरे पडतात. अशा पेशी बघून "असामान्य लिम्फोसाइट" असा शेरा पडतो आणि घर हादरतं. शक्यतो रक्त काढल्यावर एक-दोन तासांत स्मीअर ओढून वाळवावा. दूरच्या लॅबला नमुना पाठवायचा असेल तर ट्यूबबरोबर दोन-तीन न रंगवलेले, नीट वाळवलेले स्मीअर द्यावेत.

बघायची जागाही महत्त्वाची. हेअरी पेशीचं उदाहरण घ्या. स्मीअरच्या जाड भागात सगळेच लिम्फोसाइट आक्रसलेले, गडद आणि एकसारखे दिसतात. अगदी टोकाला ते चपटे होऊन फुटतात आणि कुणाच्याही कडा फाटक्या दिसतात. मधल्या पट्ट्यात, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम स्पर्श करतात, तिथे ऑइल इमर्शन भिंग लावून सावकाश सरकायचं. पेशी साध्या लिम्फोसाइटपेक्षा दीडदोनपट मोठी, केंद्रक अंडाकृती किंवा घेवड्याच्या बीसारखं, त्यातलं क्रोमॅटिन पसरट आणि फिकट, केंद्रिका (केंद्रकातला ठिपका) जवळपास दिसत नाही, भोवती राखाडी-निळसर भरपूर सायटोप्लाझम आणि त्याची कड सगळीकडून विसकटलेली. एकाच बाजूला शेंडी असेल तर प्लीहेच्या लिम्फोमाचा संशय जास्त. पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर २०० पेशी मोजायलाही स्मीअर पुरत नाही; मग रक्त फिरवून पांढऱ्या पेशींचा पातळ थर वेगळा काढायचा आणि त्याचा स्मीअर करायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण सुचलं नाही तर निदान महिनाभर पुढे जातं.

प्लाझ्मा सेल ल्युकेमियात स्मीअरच्या मोजणीला वेगळंच वजन आहे. पूर्वी रक्तात २० टक्के प्लाझ्मा पेशी असाव्यात अशी अट होती. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ती ५ टक्क्यांवर आणली. म्हणजे १०० पेशींत पाच. घाईत बघणाऱ्याच्या हातून त्या सहज "रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट" म्हणून निसटतात.

मधेच एक अपवाद, जिथे थांबायचं नाही

या लेखात सगळीकडे सबुरीचा सल्ला आहे. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया त्याला अपवाद. या आजारात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते आणि पहिल्या काही दिवसांतच मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. तो दिवस टळला तर मात्र हा सर्वांत चांगला बरा होणाऱ्या अक्यूट ल्युकेमियांपैकी एक आहे.

हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे-जांभळे डाग, प्लेटलेट कमी, फायब्रिनोजन (रक्त गोठवणारं प्रथिन) कमी, डी-डायमर (गुठळी विरघळल्यावर उरणारा अंश) खूप वाढलेलं आणि स्मीअरमध्ये दाणेदार पेशी, काहींत मोळीसारखे बांधलेले ऑअर रॉड (पेशीतल्या सुईसारख्या काड्या). एवढं दिसलं की जनुकीय रिपोर्टची वाट न बघता ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अ‍ॅसिड सुरू करायचं, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. संशय खोटा ठरला तर गोळी थांबवता येते. त्याच वेळी फायब्रिनोजन डेसिलिटरला १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर आणि प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर ठेवायच्या. पाठीतून पाणी काढणं, मानेत जाड लाइन टाकणं हे तेव्हा टाळायचं.

फसवतो तो याचा बारीक दाण्यांचा प्रकार. त्यात पांढऱ्या पेशी कमी नसून वाढलेल्या असतात, दाणे साध्या भिंगाला दिसत नाहीत आणि केंद्रक मधे दुमडून दोन पाकळ्यांचं होतं. बघणारा "मोनोसायटिक" म्हणून पुढे जातो. मायलोपेरॉक्सिडेज या पेशीतल्या एन्झाइमचं रंजन केलं तर प्रोमायलोसायटिकमध्ये ते भडक येतं, मोनोसायटिकमध्ये फिकट किंवा नाहीच. फ्लो सायटोमेट्रीवर (पेशीच्या अंगावरच्या खुणा वाचणारी तपासणी) एचएलए-डीआर आणि सीडी३४ या दोन्ही खुणा निगेटिव्ह आल्या की बऱ्याच जणांना खात्री वाटते, पण एनपीएम१ जनुकात बदल असलेला साधा अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाही अगदी तसाच दिसू शकतो. दुसरीकडे, न्यूट्रोफिल वाढवणारं जी-सीएसएफचं इंजेक्शन नुकतंच दिलेलं असेल तर निरोगी मज्जाही (हाडातला रक्तपेशी बनवणारा भाग) प्रोमायलोसाइटने, म्हणजे अर्धवट वाढलेल्या मायलॉइड पेशींनी, भरून जाते. म्हणून फॉर्मवर इंजेक्शनची तारीख हवीच.

तिसरी पायरी: मज्जा काढण्याआधी काय करू नये

ताप, गाठी, अशक्तपणा बघून स्टेरॉइड सुरू करणं हा सर्वांत महाग पडणारा उपचार. लिम्फॉइड पेशी, म्हणजे लिम्फोसाइटच्या कुळातल्या पेशी, स्टेरॉइडने विरघळतात. दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनंतर काढलेल्या मज्जेत काहीच न सापडणं शक्य आहे. आजार बरा झालेला नसतो, फक्त दिसेनासा होतो. जिवावर बेतलेलं असेल तर द्यावंच लागतं, पण मग आधी किमान रक्ताचा नमुना काढून ठेवा.

बी-१२ आणि फॉलेटचं रक्त पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी घ्या. बी-१२ च्या तीव्र कमतरतेत मज्जा इतक्या अर्धवट, मोठ्या तांबड्या पूर्वपेशींनी भरते की प्युअर एरिथ्रॉइड ल्युकेमियाची शंका यावी. तांब्याची कमतरता, एचआयव्ही, काला आजार, मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिनसारखी औषधं, यांनीही मज्जेचं रूप बिघडतं. मुलांत ज्युव्हेनाइल मायलोमोनोसायटिकचा संशय असेल तर फीटल (गर्भावस्थेतल्या) हिमोग्लोबिनचा नमुना रक्त चढवण्याआधी काढा. दुसऱ्याचं रक्त मिसळल्यावर तो आकडा निरुपयोगी होतो. त्याच मुलात सायटोमेगॅलो आणि एपस्टाइन-बार या विषाणूंच्या तपासण्याही हव्यात, कारण हे संसर्ग हुबेहूब तसंच चित्र उभं करतात.

चौथी पायरी: अस्थिमज्जा

साधारणपणे सुई कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यात जाते. इथे क्रमच सगळं ठरवतो. पहिला उपसा छोटा, एक मिलिलिटरच्या आसपास, आणि तो स्मीअरसाठी. पुढच्या प्रत्येक उपशात मज्जा कमी आणि रक्त जास्त येतं. पहिल्याच वेळी सिरिंज भरून १० मिलिलिटर ओढून त्यातून सगळ्यांना वाटप केलं, तर स्मीअरवरचे ब्लास्ट (अगदी अपक्व पेशी) खोटे कमी दिसतात. ब्लास्ट १९ टक्के की २० टक्के यावर आजाराचं नाव बदलत असताना ही पातळ झालेली मज्जा मोठं नुकसान करते. अनेक उपसे लागणार असतील तर सुई थोडी फिरवून किंवा जागा बदलून घ्यावेत.

ट्यूब कोणती, हे आधीच टेबलावर मांडून ठेवा. फ्लो सायटोमेट्री आणि जनुकीय तपासणीसाठी ईडीटीए. गुणसूत्रं बघायला, म्हणजे कॅरिओटाइपसाठी, सोडियम हेपॅरिन, कारण तिथे पेशी जिवंत राहून विभागायला हव्यात. हेपॅरिन पीसीआरच्या क्रियेत अडथळा आणतं, म्हणून ट्यूबची अदलाबदल दोन्ही बाजूंनी महागात पडते. हे नमुने गोठवायचे नाहीत आणि शक्यतो २४ तासांत लॅबला पोचवायचे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी काढलेली मज्जा दोन दिवस पडून राहते. तातडी नसेल तर सुट्टीनंतर काढलेली बरी.

हाडाचा तुकडा, म्हणजे ट्रीफाइन बायॉप्सी, किमान दीड ते दोन सेंटिमीटर हवी. तुकडा अर्धा सेंटिमीटरचा आणि त्यातही निम्मी कूर्चा असेल तर "मज्जेत पेशी कमी आहेत" या वाक्याला अर्थ राहत नाही.

आता सुई आत आहे, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला, आणि काहीच येत नाही. याला ड्राय टॅप म्हणतात. "नमुना मिळाला नाही" असं लिहून रुग्णाला घरी पाठवणं चुकीचं, कारण ड्राय टॅप हीच एक माहिती आहे. हेअरी सेल ल्युकेमियात मज्जेत रेटिक्युलिनच्या तंतूंचं जाळं तयार होतं, अक्यूट मेगाकॅरियोब्लास्टिकमध्ये (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींच्या ल्युकेमियात) फायब्रोसिस होतो, म्हणजे मज्जेत तंतू दाटतात, आणि पेशी त्यात अडकून बसतात. तेव्हाच करायच्या गोष्टी अशा. हाडाचा तुकडा निघाला की फॉर्मालिनमध्ये टाकण्याआधी स्वच्छ काचपट्टीवर हलकेच टेकवत किंवा लोळवत चार-पाच छाप घ्या. तुकडा रगडायचा नाही. रगडलं की पेशी फुटून नुसता निळा चोथा उरतो. शक्य असेल तर दुसरा तुकडा काढून तो सलाइनमध्ये किंवा पेशी जगवणाऱ्या माध्यमात लॅबला द्या. त्यातून पेशी मोकळ्या करून फ्लो आणि कॅरिओटाइप दोन्ही होऊ शकतात. रक्तातही एक-दोन टक्के पेशी असतील तर फ्लोसाठी रक्तही पाठवा.

दोन बारीक गोष्टी, ज्या फारशा कुठे लिहिलेल्या नसतात. फॉर्मालिनची बाटली आणि न रंगवलेले स्मीअर एकाच पिशवीत कधीही घालू नका. झाकणातून सुटणारी वाफ काचेवरच्या पेशींना लागते आणि पुढे रंग चढताना सगळं हिरवट-निळं, धुरकट होतं. आणि हाड मऊ करताना लॅबने तीव्र आम्ल वापरलं तर तुकड्यातला डीएनए तुटतो. त्या ब्लॉकवर नंतर जनुकीय तपासणी बहुधा जमत नाही. ईडीटीएने मऊ करायला वेळ जास्त लागतो, पण डीएनए वाचतो. ड्राय टॅपच्या रुग्णाकडे कधीकधी तेवढाच तुकडा असतो. म्हणून फॉर्मवर "जनुकीय तपासणी लागू शकते, ईडीटीएने डीकॅल्सिफाय करावं" असं आधीच लिहून द्यावं.

पाचवी पायरी: फ्लो सायटोमेट्री

फ्लो सायटोमेट्री पेशीच्या अंगावरच्या खुणा वाचते. पण ज्या खुणेचं अभिकर्मक (तिला चिकटणारं द्रव्य) ट्यूबमध्ये घातलंच नाही, ती खूण तिला दिसत नाही. रिपोर्ट वाचताना "निगेटिव्ह" आणि "तपासलं नाही" यांतला फरक शोधा. लिम्फोसाइटच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये (एकत्र तपासायच्या खुणांच्या संचात) सीडी१९, सीडी२०, सीडी५, सीडी२३ असतात. हेअरी सेलसाठी सीडी११सी, सीडी२५, सीडी१०३ आणि सीडी१२३ हवेत. फॉर्मवर "प्लीहा मोठी, मोनोसाइट नाहीत" एवढं लिहिलं असतं तर तंत्रज्ञाने ते घातले असते. नाही लिहिलं, म्हणून रिपोर्ट येतो, "बी-सेल आजार, प्रकार सांगता येत नाही."

यातलाही एक फाटा लक्षात ठेवा. सीडी२५ आणि सीडी१२३ निगेटिव्ह, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, मोनोसाइट जागेवर, असा हेअरी पेशींसारखा दिसणारा आजार वेगळा आहे; त्याला हेअरी सेल ल्युकेमिया व्हेरिअंट म्हणतात. क्लासिक, म्हणजे नेहमीच्या हेअरी सेल, प्रकारात बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल, जो २०११ मध्ये उघड झाला, जवळजवळ सर्वांत असतो. या दुसऱ्या प्रकारात तो नसतो. क्लासिकला लागू पडणारं क्लॅड्रिबीन हे औषध एकट्याने दिलं तर या दुसऱ्याला तितकंसं लागू पडत नाही. नावं जवळपास सारखी असल्याने हा घोळ वारंवार होतो.

मेगाकॅरियोब्लास्टिकमध्ये सीडी४१ आणि सीडी६१ शोधतात. पण रक्तातल्या साध्या प्लेटलेट ब्लास्टला चिकटल्या तरी मशिन ब्लास्टलाच पॉझिटिव्ह ठरवतं. पेशीच्या आतली खूण बघणं किंवा छाप आणि बायॉप्सीवर पडताळणं, हाच उपाय.

मिक्स्ड फेनोटाइप अक्यूट ल्युकेमिया हे निदान हातात आलं तर थोडं थबका. एकाच पेशीवर मायलॉइड आणि लिम्फॉइड दोन्ही खुणा दिसल्या म्हणून हे नाव देता येत नाही. गुणसूत्र ८ आणि २१ यांची अदलाबदल झालेला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया बी-पेशींची सीडी१९ सर्रास दाखवतो, आणि तो चांगला बरा होणाऱ्या गटातला आहे. त्याला चुकून मिक्स्ड म्हटलं तर रुग्ण नको त्या उपचाराकडे जातो. म्हणून मिक्स्डचा शिक्का गुणसूत्रांच्या रिपोर्टनंतर. त्याआधी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच अक्यूट रूपात आलेला नाही ना, यासाठी बीसीआर-एबीएल१ हे जोडजनुक (दोन जनुकं जोडली जाऊन बनलेलं) तपासून घ्यायचं.

प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक सेलच्या आजारात सीडी४, सीडी५६ आणि सीडी१२३ एकत्र दिसतात. मोनोसायटिक ल्युकेमियातही ही तिन्ही दिसू शकतात. टीसीएफ४, टीसीएल१, सीडी३०३ पॉझिटिव्ह आणि मायलोपेरॉक्सिडेज, लायसोझाइम निगेटिव्ह, अशी जोड मिळाली की प्रश्न सुटतो. कातडीच्या चट्ट्याची बायॉप्सी यात मज्जेपेक्षा लवकर उत्तर देते.

लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसाइटची अडचण उलटी आहे. इथे टी-पेशी एकाच कुळातल्या, म्हणजे एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या, आहेत हे पीसीआरने सिद्ध झालं तरी पुरत नाही, कारण उतारवयात आणि विषाणूच्या संसर्गानंतर निरोगी माणसांतही अशी छोटी कुळं सापडतात. पेशींचा आकडा, सहा महिने टिकून राहणं, न्यूट्रोफिल किंवा हिमोग्लोबिन कमी असणं, स्टॅट३ जनुकातला बदल, हे सगळं जोडून बघावं लागतं. स्टॅट३ निगेटिव्ह आलं तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. घाई न करण्यात इथे सहसा नुकसान नसतं.

सहावी पायरी: गुणसूत्रं आणि जनुकं

कॅरिओटाइपमध्ये साधारण २० विभागणाऱ्या पेशींची गुणसूत्रं बघतात. पक्व लिम्फोसाइट आपणहून विभागत नाहीत. त्यांना उत्तेजक द्यावा लागतो, आणि बी-पेशींचा उत्तेजक वेगळा, टी-पेशींचा वेगळा. फॉर्मवर नुसतं "ल्युकेमिया" लिहिलं तर लॅब अक्यूट समजून उत्तेजक न घालता कल्चर लावते, विभागतात त्या फक्त निरोगी मायलॉइड पेशी, आणि रिपोर्ट येतो "नॉर्मल". टी-सेल प्रोलिम्फोसायटिकमधली १४ व्या गुणसूत्राची ओळखीची उलथापालथ अशीच हुकते.

काही बदल तर कॅरिओटाइपला दिसूच शकत नाहीत इतके लहान असतात. एफआयपी१एल१-पीडीजीएफआरए हे २००३ मध्ये सापडलेलं जोडजनुक चौथ्या गुणसूत्रावरचा छोटासा तुकडा गळून तयार होतं. कॅरिओटाइप नॉर्मल. फिश तपासणीत (चमकत्या खुणा लावून गुणसूत्राचा ठरावीक भाग शोधण्यात) सीएचआयसी२ हा भाग गायब दिसला की कोडं सुटतं. आणि ते सुटणं फार मोलाचं आहे, कारण हा आजार इमॅटिनिब या औषधाच्या रोजच्या १०० मिलिग्रॅमइतक्या लहान डोसलाही बहुधा सुंदर प्रतिसाद देतो. इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णात "कॅरिओटाइप नॉर्मल" वाचून फाइल बंद करणं ही टाळता येण्याजोगी चूक आहे.

एनजीएसच्या (एकाच वेळी अनेक जनुकं वाचणाऱ्या तपासणीच्या) जाडजूड रिपोर्टने दडपून जाऊ नका. नेहमीच्या पॅनेलला २ ते ५ टक्क्यांखालचा बदल भरवशाने दिसत नाही. मास्ट सेलच्या आजारात किट जनुकातला डी८१६व्ही हा बदल त्याहून कमी प्रमाणात असू शकतो, त्यासाठी जास्त संवेदनशील पीसीआर मागावी लागते. जोडीला ट्रिप्टेज या मास्ट पेशींतल्या एन्झाइमची रक्तातली पातळी. ड्राय टॅपमधल्या पातळ नमुन्यात बीआरएएफचंही तेच. तिथे बायॉप्सीच्या तुकड्यावरचं व्ही६००ईचं रंजन कामी येतं. डीएनएच्या पॅनेलला जोडजनुकं चुकू शकतात, त्यासाठी आरएनए पॅनेल वेगळं असतं. एफएलटी३ जनुकामधला लांब पुनरावृत्तीचा तुकडाही काही पॅनेलांच्या हातून सुटतो. प्रोमायलोसायटिकमध्ये कधीकधी फिश निगेटिव्ह आणि पीसीआर पॉझिटिव्ह येते, कारण दुसऱ्या जनुकात शिरलेला तुकडा फिशच्या खुणेपेक्षा लहान असतो.

सातवी पायरी: सगळे रिपोर्ट एका टेबलावर

एका कागदावर पाच रांगा आखा: स्मीअर, फ्लो, बायॉप्सी, गुणसूत्रं, जनुकं. प्रत्येकापुढे नमुन्याची तारीख, नमुना कसा होता आणि निष्कर्ष एका ओळीत. मग विसंगती शोधा. स्मीअरवर ब्लास्ट ३० टक्के आणि फ्लोवर ६ टक्के असतील तर बहुधा फ्लोला तिसरा-चौथा उपसा मिळालाय. बायॉप्सीत पेशी अगदी कमी, "अप्लास्टिक अ‍ॅनिमिया" असा शेरा, पण प्लीहा मोठी आहे? अप्लास्टिकमध्ये प्लीहा सहसा वाढत नाही. त्या तुकड्यावर सीडी२० आणि अ‍ॅनेक्सिन ए१ चं रंजन मागा. विरळ पसरलेल्या हेअरी पेशी साध्या रंगात नजरेतून सुटतात. अ‍ॅनेक्सिन मायलॉइड पेशींतही येतं, म्हणून ते एकटं वाचायचं नाही, सीडी२० शेजारी ठेवूनच.

वर्गीकरणाचाही एक गोंधळ आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं नवं वर्गीकरण आणि आंतरराष्ट्रीय सहमतीचं वर्गीकरण, अशी दोन आली, आणि ती सगळीकडे जुळत नाहीत. बी-सेल प्रोलिम्फोसायटिक ल्युकेमिया हे नाव पहिल्याने काढून टाकलं, दुसऱ्याने ठेवलं. दोन हॉस्पिटलांनी दोन नावं दिली तर प्रत्येक वेळी कुणीतरी चुकलंय असं नसतं. कोणतं वर्गीकरण वापरलं, हे विचारा.

दुसरं मत घ्यायचं ठरलं तर नुसते रिपोर्ट पाठवून फारसं साधत नाही. रंगवलेल्या मूळ काचा, दोन-तीन न रंगवलेले स्मीअर, बायॉप्सीचा पॅराफिन ब्लॉक, फ्लोच्या मूळ डेटा फाइली, तारखेनुसार सगळे सीबीसी, आणि स्टेरॉइड, जी-सीएसएफ, रक्त, बी-१२ कधी दिलं त्याच्या तारखा, हे सगळं द्या. फ्लोच्या मूळ फाइली उघडून दुसरा तज्ज्ञ पेशींचे गट नव्याने पाडू शकतो. छापील आलेखावर ते करता येत नाही. काचा कडक खोक्यात, खाचांत उभ्या ठेवा. ब्लॉक उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, कारण मेण वितळतं. सोबतच्या पत्रात "कृपया मत द्यावे" एवढंच लिहू नका. "प्लीहा नाभीपर्यंत, मोनोसाइट हाताने मोजून शून्य, ड्राय टॅप, सीडी१०३ तपासलेलं नाही, हेअरी सेल आहे का, आणि असल्यास क्लासिक की दुसरा प्रकार?" असं लिहा.